बाईंचा डावा पाय

रबरी साप धुवायचं काम माझ्याकडे होतं. सकाळचा शो संपला की तो साप बादलीत टाकायचा, ब्रशने घासायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. त्याच्यावर पक्ष्याची घाण कधीच नसायची. असायची ती माणसांची. शो झाल्यावर तो साप गळ्यात घालून फोटो काढायची सोय होती, त्यामुळे सनस्क्रीन, पॉपकॉर्नचं लोणी आणि दीडशे मानांचा घाम. सहा वर्षं तो वास नाकात घेऊन मी जेवलोय. पक्ष्यांसाठी कोंबडीची पिल्लं चिरताना मला कधी मळमळलं नाही. साप धुताना मळमळायचं.

आमचं पार्क खासगी, सिंगापुरात तेंगाहच्या पुढे, जुन्या नर्सरीच्या जागेवर. नाव सव्हाना वॉक. सव्हाना म्हणजे प्लॅस्टिकचं गवत, त्याखाली काँक्रीट, कडेला कुंडीतलं खरं गवत आणि स्पीकरवर ढोल. त्या ढोलांवर बाई चालत यायच्या.

बाई म्हणजे सेक्रेटरी बर्ड. आफ्रिकेतला शिकारी पक्षी. चोच आणि डोळा गरुडाचा, पाय करकोच्याचे. उडता येतं, पण शिकार जमिनीवर, चालत. गवतातून पाय आपटत जायचं, काही हललं की थांबायचं, आणि साप दिसला की लाथ. चोच नंतर. ती लाथ डोळ्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो. चार किलोचा जीव आणि लाथेत वीस किलोचा जोर. डोक्यामागे काळी पिसं, जुन्या कचेरीतल्या कारकुनाने कानामागे टाक खोचावेत तशी. मांड्यांवर काळी पिसं गुडघ्यापर्यंत, त्याखाली नुसतं हाड. पार्कने नाव ठेवलं होतं डचेस. मी बाई म्हणायचो. परभणीला आमच्या शाळेत इतिहासाच्या बाई होत्या, त्या वर्गात अशाच यायच्या. आधी पाय दिसायचा, मग बाई.

बाईंचं माझ्यावर प्रेम नव्हतं, हे आधीच सांगतो. पक्षी मालकाला ओळखून खांद्यावर डोकं टेकवतो असले व्हिडिओ बघणाऱ्यांनी इथूनच परत जावं. मी आत गेलो की बाई माझ्या गुडघ्याकडे बघायच्या आणि तो मारण्यालायक आहे का याचा विचार करायच्या. दोनदा मारलाही. पण त्या खोटं काही करत नव्हत्या, आणि त्या पार्कात तसं वागणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

शोचा नियम एकच, आणि तो मीच लिहून घेतला होता. बाईंना सोडण्याआधी मंचावर एक फेरी मारायची आणि जमिनीवर टणक काही नाही याची खात्री करायची. दगड नको, पाण्याची बाटली नको, वायरीचं वेटोळं तर नकोच. कारण सापासारखं काहीही दिसलं तर बाई पूर्ण जोराने मारणार, आणि खाली रबर असेल तरच पाय वाचणार. आतून ते हाड पोकळ. मोडलं तर जुळत नाही, आणि एका पायावर हा पक्षी जगत नाही. फेरी झाली की कागदावर सहा चौकोनांत खुणा करायच्या आणि खाली सही. सही माझी.

जुलैच्या शेवटी नीताताईंचा फोन आला. जुरोंग ईस्टला कॉन्डोत राहतात, नवरा जहाजांचा इंजिनीअर, त्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप चालवतात. ऐंशी माणसांसाठी रविवारचा शो बुक केला होता. पार्कात कुणी मराठी आहे हे त्यांना बुकिंगवालीकडून कळलं.

"अरे, प्रबोध ना? इतकी वर्षं इथे आहेस आणि कधी आला नाहीस आमच्याकडे?"

आठ वर्षं मी हौगांगला भाड्याच्या खोलीत राहतोय. कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, "जमलं नाही, ताई."

"आडनाव काय म्हणालास?"

मी म्हणालो नव्हतो. आता सांगितलं. पलीकडे अर्धा श्वास थांबला. हा अर्धा श्वास मी परभणीपासून ओळखतो. तो विमानात बसूनही येतो, त्याला व्हिसा लागत नाही. मग आवाज आणखी गोड झाला.

"छान, छान. आपलाच माणूस म्हणायचा. तर ऐक, रविवारी आम्ही नागपंचमी करतोय. तशी मंगळवारी आहे, पण इथे सगळे सण रविवारीच येतात. आणि तुमच्या शोमध्ये तो पक्षी म्हणे सापाला लाथा मारतो?"

"रबरी सापाला."

"रबरी असला तरी! नागपंचमीला नाग मारताना बघायचा, मुलांना दाखवायचा? तेवढं काढून टाक. आणि तो गरुडच ना? विष्णूचं वाहन? लांबून हळदकुंकू लावता येईल का त्याला?"

"लांबून कसं लावणार, ताई?"

"म्हणजे तू लाव, आम्ही लांब उभ्या राहू."

मला हसू आलं, आणि पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला बरं वाटलं. आपला माणूस. आठ वर्षांत सिंगापुरात कुणी मराठीत 'अरे' म्हटलं नव्हतं. हळदकुंकवाला नाही म्हणालो आणि रबरी साप काढायला हो म्हणालो. आमचा मॅनेजर मिस्टर को, त्याला विचारलं. तो म्हणाला, "कस्टमर डोन्ट वॉन्ट स्नेक, नो स्नेक. इझी."

आमच्या घरी नागपंचमी नसायची. बाबा म्हणायचे, आपले पूर्वज नाग लोक. नागाचं चित्र काढून त्याला दूध दाखवायची आपल्याला काय गरज, आरशात बघ. तेव्हा तो विनोद वाटायचा.

रविवारी नऊ वाजता माणसं आली. नऊवारी, कुर्ते, गॉगल, पोरांच्या हातात पंखे. स्टीलच्या डब्यांतून पुरणाचे दिंड. मी मागच्या ओट्यावर बाईंसाठी पिल्लं चिरत होतो. नीताताई आत डोकावल्या, सोबत त्यांची दहा वर्षांची ऋचा.

"ई! अरे, आज चिरत नाहीत."

"बाईंना कोण सांगणार, ताई? दिंड खात नाहीत त्या."

ऋचा खिदळली. "आई, कॅन आय सी द चिक्स?"

"काही नको. चल." ताईंनी पदर नाकाला लावला. तेव्हा त्यांचं अत्तर आणि माझ्या ओट्यावरची आतडी असा एकत्र वास आला.

सव्वानऊला मी कागद घेऊन फेरी मारायला मंचावर गेलो. मध्यभागी पाट मांडलेला. पाटावर तांदूळ, लाह्या, वाटीत दूध, आणि मधोमध पितळी नाग. वीतभर उंच, फणा काढलेला, मागे भरीव शेपटीचं वेटोळं. चांगला दोन किलोचा ऐवज. पूजा झाली होती, उदबत्ती जळत होती, आणि माणसं बाकांवर बसून शो कधी सुरू होतो म्हणून मोबाइल धरून तयार होती.

मी म्हणालो, "ताई, हे उचलावं लागेल."

"मांडलेली पूजा मध्येच हलवत नाहीत, प्रबोध. संध्याकाळी उत्तरपूजा करून मग उचलायची."

"संध्याकाळी तुम्ही घरी असाल."

"म्हणजे इथून निघताना करू ना आम्ही. तोवर असू दे. कडेला चालव त्या पक्ष्याला."

"तो पक्षी आहे, रिक्षा नाही. त्याला नाग दिसला तर तो मारणार, आणि हे पितळ आहे. पाय मोडेल त्याचा."

"मोडायला काय, देव आहे तो." मग त्यांनी केळीचं पान घेऊन नागावर उपडं घातलं आणि वर झेंडूची फुलं ओतली. "हे बघ, झाकला. आता काही दिसत नाही."

"पान उडेल, ताई. मी बाजूला ठेवतो, तुम्ही नमस्कार करा, मी दोन मिनिटांत..." असं म्हणत मी वाकलो आणि हात पुढे केला.

"थांब! तू नको लावूस हात."

मोठ्याने आलं ते. पहिल्या दोन बाकांवरची माणसं बघायला लागली. ताईंच्याही लक्षात आलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणजे, तुझे हात चिकनचे आहेत ना, म्हणून."

हात चिकनचे होते, हे खरं. हातमोजे काढले होते, पण नखांत पिल्लांच्या पोटातला पिवळा बलक होता. नीताताईंना माझ्या नखांतला बलक दिसला, का माझं आडनाव दिसलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनाही येणार नाही. हीच तर त्यातली घाणेरडी गोष्ट आहे. धुतलं तरी कळत नाही की डाग नक्की कशाचा होता.

मी पाच सेकंद तसाच वाकलेला राहिलो. त्या पाच सेकंदांत मी काय करायला हवं होतं, हे मला पाठ आहे. सरळ हात घालून तो नाग उचलायचा. किंवा शो रद्द म्हणून सांगायचं. किंवा मागे जाऊन को साहेबांना बोलवायचं. मी यातलं काही केलं नाही. मनात म्हणालो, नको ना लावू हात? नाही लावत. बघा मग. असंच्या असं म्हणालो. 'बघा मग.' कुणी काय बघायचं आणि कुणाच्या पायावर, याचा विचार केला नाही.

मी सहा चौकोनांत सहा खुणा केल्या. खाली सही केली. मागे गेलो आणि बाईंच्या पिंजऱ्याची कडी काढली.

ढोल सुरू झाले. बाई आल्या. आधी पाय, मग बाई. पोरं ओरडली. बाकांवरून "ओ माय गॉड, काय चाल आहे बघ" वगैरे. बाईंनी कडेच्या कुंडीतलं गवत तपासलं, मी टाकलेला पिल्लाचा तुकडा गिळला आणि थांबल्या. मंचावर गारव्यासाठी मोठा पंखा असतो, पाण्याचे तुषार उडवणारा. तो तसा रोजच चालतो. त्याने आधी झेंडू घरंगळवले. मग पानाची कड उचलली. मग पान गेलं.

फणा चमकला.

मी शिट्टी वाजवली, परत बोलवायची. बाईंनी मान वळवलीसुद्धा नाही. डोक्यावरची पिसं उभी राहिली, पंख अर्धे उघडले, आणि त्यांनी डाव्या पायाने लाथ मारली.

रबरावर मारल्यावर चापट मारल्यासारखा आवाज यायचा. हा आवाज तसा नव्हता. आधी घंटेसारखा टण्ण, आणि त्याच्याच आत एक कोरडी काडी मोडल्यासारखा. माझ्याशिवाय तो दुसरा आवाज कुणी ऐकला नाही. कारण लोक टाळ्या वाजवत होते.

मी खोटं सांगत नाही. टाळ्या वाजवत होते.

बाईंनी तो पाय खाली टेकवला. तो टेकला नाही, मध्येच दुमडला, जिथे सांधा नाही तिथे. हाड बाहेर आलं होतं. तरी त्या उभ्या राहिल्या, एका पायावर, पंखांनी तोल सावरत, आणि त्याच मोडक्या पायाने दुसरी लाथ मारली. साप मेला नव्हता ना. त्यांच्या लेखी तो समोर फणा काढून उभाच होता. तिसऱ्या लाथेला मी पोचलो आणि चादर टाकून त्यांना छातीशी धरलं. दूध सांडलं होतं, त्यात रक्त, त्यात लाह्या, त्यात झेंडू. प्लॅस्टिकच्या गवतावर ते भिनत नाही. नुसतं पसरतं.

टाळ्या थांबल्या तेव्हा ऋचाचा आवाज, इथल्या पोरांच्या इंग्रजीत, स्पष्ट आला. "अंकल टोल्ड यू टु मूव्ह इट, आई. यू डोन्ट वॉन्ट, व्हॉट!"

"गप्प बस," नीताताई म्हणाल्या. त्या नागाजवळ गेल्या होत्या. फणा डावीकडे वाकला होता. "अगं बाई, वाकला की! सासूबाईंचा आहे हा. त्यांच्या सासूबाईंचा. आणि आजच्या दिवशी पाय लागला त्याला."

एक गृहस्थ बाकावरून उठून म्हणाले, "गरुड आणि नाग, वहिनी. पूर्वापार वैर आहे. साक्षात घडलं हो आपल्यासमोर." ते मोबाइलकडे बघत होते. व्हिडिओ नीट आला होता. जायच्या आधी तो ग्रुपवर गेला, हात जोडलेल्या चित्रांसकट.

आत डॉक्टर ली होत्या, पार्कच्या पशुवैद्य. त्यांनी चादर बाजूला केली, एकदा बघितलं, आणि माझ्याकडे न बघता हातमोजे बदलले. खालचं हाड तीन तुकडे. त्या म्हणाल्या, पाय कापला तर दुसऱ्या तळव्याला महिन्याभरात जखम होईल, ती पिकेल, आणि ही उभ्या उभ्या सडेल. इंजेक्शन देते, तू धरतोस का?

मी धरलं. बाईंचा डोळा माझ्या हनुवटीपासून चार बोटांवर होता, लांब पापण्यांचा. त्यात माफी नव्हती आणि राग नव्हता. मला त्यात काहीतरी सापडावं असं फार वाटत होतं. काही नव्हतं. त्या माझ्या मनगटाकडे बघत होत्या, मारण्यालायक आहे का म्हणून. मग बघायच्या थांबल्या.

बाहेर येताना दारापाशी ग्रुपमधल्या एक काकू पत्रावळ घेऊन उभ्या. "तुम्ही काही खाल्लं नसेल. दिंड घ्या, तूप घालू का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी मोरीत जाऊन नखं घासत बसलो.

दुपारी दोन वाजता को साहेबांच्या खोलीत मला बोलावलं. एसी, जास्मिनचा चहा, टेबलावर एक छापलेला कागद. परवाना देणाऱ्या खात्याला त्याच दिवशी कळवावं लागतं. कागदावर इंग्रजीत तीन ओळी होत्या. पक्षी शोदरम्यान बिचकला. ओल्या गवतावर घसरला. पाय मोडल्याने दयामरण देण्यात आलं. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

"घसरला नाही," मी म्हणालो.

"आय नो." को वाईट माणूस नाही. त्याने चहा माझ्याकडे सरकवला. "लुक. घसरला तर कुणाची चूक? पाण्याची. तू सेफ, मी सेफ, तुझे फ्रेंड्स सेफ."

"माझे फ्रेंड्स?"

"युअर पीपल, लाह."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नीताताई. मी तिथेच उचलला.

"प्रबोध, अरे कसा आहे तो गरुड?"

"मेला."

"अगं आई गं." त्यांना खरंच वाईट वाटलं, आवाजावरून कळलं. दोन सेकंद वाटलं. "ऐक ना, एक विनंती होती. तुम्ही काही रिपोर्ट वगैरे लिहाल, त्यात आमच्या ग्रुपचं नाव, नागाचं वगैरे काही येऊ देऊ नकोस. इथे धार्मिक गोष्टी फार नाजूक असतात, तुला माहीत आहे. उगाच आपल्या लोकांचं नाव खराब होतं. आणि गडबडीत आमचा नाग तिथेच राहिला. तो जरा काढून ठेव. अभिषेक करावा लागेल आता त्याला, पायाखाली गेला ना."

"मी काढून ठेवू?"

"हो ना, प्लीज."

"हात लावू?"

पलीकडे पुन्हा तो अर्धा श्वास.

"तू अजून तेच धरून बसलास? अरे, मी चिकनमुळे म्हटलं होतं. तुम्हा लोकांना ना, प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं."

"कुठल्या लोकांना, ताई? त्या दिवशी फोनवर मी आपला माणूस होतो."

त्यांनी फोन ठेवला. मला जिंकल्यासारखं वाटलं. एका श्वासापुरतं, आणि मग ते जिंकणं तोंडात आंबट आलं. कारण आत फ्रीझरमध्ये पिशवीत चार किलो बाई होत्या, आणि त्यांना या संभाषणाशी काही देणंघेणं नव्हतं. नागाशी, गरुडाशी, विष्णूशी, माझ्या आडनावाशी, कशाशीच नव्हतं. त्यांना फक्त मोकळी जमीन हवी होती. ती बघून देणं हे माझं काम होतं.

नीताताईंचा मला राग आहे आणि तो राहील. पण सही नीताताईंची नाही.

मी को साहेबांकडे कोरा फॉर्म मागितला. त्याने मान हलवली आणि दिला. मी उभ्यानेच लिहिलं. फेरीच्या वेळी मंचाच्या मध्यभागी पितळी मूर्ती होती. भेट देणाऱ्या ग्रुपने ती हलवायला नकार दिला. ग्रुपचं नाव लिहिलं. ती तिथे असताना पक्षी सोडणं धोक्याचं आहे हे मला माहीत होतं. मी वरिष्ठांना कळवलं नाही. मी सर्व ठीक असल्याची सही केली आणि पक्षी सोडला. पक्ष्याने मूर्तीवर लाथ मारली.

फॉर्मवर खाली एक रकाना असतो: कारण. एकच ओळ मावते. तिथे जात लिहिता आली असती. ते खोटं नसतं. पण तो रकाना बाईंच्या मरणाचा होता, माझ्या जगण्याचा नव्हता. मी लिहिलं: मला राग आला होता.

कोने वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"यू अँग्री विथ द बर्ड?"

"नो."

"देन?"

मी पेन टेबलावर ठेवलं. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, त्याचा आणि माझा.

"हा पाठवला तर तुझा वर्क पास रद्द. तीस दिवसांत देशाबाहेर. दुसऱ्या पार्कात कुणी तुला पक्षी देणार नाही. यू अंडरस्टँड?"

"देऊ नयेच," मी म्हणालो.

त्याने स्वतःचा कागद चुरगळला नाही, नीट घडी करून खणात ठेवला. मग माझ्या कागदावर शिक्का मारला, तारीख टाकली, आणि पक्ष्यांच्या खोलीची चावी, लॉकरची चावी आणि शिट्टी टेबलावर ठेवायला सांगितली.